नायगारा न पाहिलेल्या माणसाला

जबलपूरजवळ भेडाघाटला नर्मदेवरच्या धुआंधार धबधब्याच्या कठड्याशी उभे राहिले की तोंडावर तुषार येतात आणि शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. तेवढ्यात कोणीतरी ओरडून सांगतो, ‘हा भारताचा नायगारा!’ ऐकणाऱ्याने नायगारा पाहिलेला नसतो. बहुधा सांगणाऱ्यानेही नाही. बस्तरमध्ये इंद्रावतीवरच्या चित्रकोटलाही हेच बिरूद लावतात. नायगाऱ्याचा हॉर्सशू धबधबा सुमारे ५७ मीटरचा, धुआंधार ३० मीटरच्या आसपास सांगतात. म्हणजे समोरची नर्मदा त्या एका वाक्यानेच दुसऱ्या नंबरवर गेली.

तुलनेने मन कडवट होते, हे कोणाला सांगायला नको. शेजारच्या मुलाचे टक्के घरोघरी निघतात. याच जबलपुरात १९६६ पर्यंत तत्त्वज्ञान शिकवणारे रजनीश पुढे सांगत राहिले, की तुलना हा रोग आहे; प्रत्येक जण एकमेव, मग मोजायचे कोणाशी? त्या मुलापुरते हे शंभर टक्के खरे. पण तुलनाच टाकायची म्हटली, तर ‘अद्वितीय’ म्हणायचीही सोय उरत नाही. त्या शब्दाच्या पोटातही ‘द्वितीय’ आहेच. स्वतः रजनीशही बुद्ध आणि महावीर यांना शेजारी शेजारी ठेवून बोलत.

रोग तुलनेत नाही, तिच्या एका प्रकारात आहे. एक तुलना ओळख करून देते, दुसरी क्रम लावते. ‘तरतम’ हा शब्द संस्कृतच्या दोन प्रत्ययांचा बनला आहे: लघुतर, लघुतम. त्यात वस्तू नाहीच, नुसत्या पायऱ्या आहेत.

ओळखीच्या तुलनेला गौतमाच्या न्यायसूत्रांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द यांच्याबरोबर प्रमाणाचा, म्हणजे ज्ञानाच्या साधनाचा, मान दिला. त्याचे नाव उपमान. नैयायिकांचे उदाहरण ठरलेले: शहरातल्या माणसाला वनवासी सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे तो माणूस रानात जातो, गाईसारखा प्राणी पाहतो आणि ओळखतो, हाच गवय. यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. गाय त्याच्या माहितीची होती आणि रानात त्याला स्वतः जावे लागले. नायगाऱ्याच्या वाक्यात सगळे उलटे होते. डोळ्यांपुढचे पाणी न पाहिलेल्या पाण्यावरून समजावले जाते.

ओळखीच्यावरून अनोळखी दाखवण्याची रीत भेडाघाटचे नावाडी फार नीट सांभाळतात. संगमरवरी कड्यांच्या अरुंद घळीतून नाव नेताना ते यमके जुळवत खडकांत ओळखीचे आकार दाखवतात. दोन्ही कडे जिथे अगदी जवळ येतात, ती जागा बंदरकूदनी: माकड उडी मारून पलीकडे जाईल एवढे अंतर. मीटरमध्ये आकडा न सांगताही रुंदी कळते. मग लक्षात येते, की धुआंधार हे नावसुद्धा तुलनाच आहे. पाण्याचा धूर. पण धूर प्रत्येकाने पाहिलेला असतो.

म्हणजे नायगाऱ्याला भेडाघाटवरून हाकलून द्यायचे का? इथवर आल्यावर तसे म्हणवत नाही. पुढच्या काळात काही नैयायिकांनी वैधर्म्यावरून, म्हणजे वेगळेपणावरून होणारी ओळखही मान्य केली. तशा नजरेने दोन्ही धबधबे शेजारी ठेवावेत, पायरी न लावता. नायगाऱ्यावर किती पाणी पडू द्यायचे, हे अमेरिका आणि कॅनडा यांच्यातल्या १९५० च्या कराराने ठरवले आहे. पाहणाऱ्यांच्या हंगामात, दिवसा, सेकंदाला किमान १ लाख घनफूट. इथे पावसाळ्यात वरच्या बरगी धरणाची दारे उघडली, की नर्मदा इतकी चढते की धुआंधार पाण्याखाली जातो आणि त्या जागी धबधबा दिसतच नाही.