भिक्षू आणि वेताळ

महाकालाच्या दर्शनासाठी उज्जयिनीस गेलेला यात्रेकरू संध्याकाळी पुष्कळदा रेल्वेच्या रुळांपलीकडे फ्रीगंजात येतो आणि फ्रीगंजात आला की टावर चौकात रेंगाळतो. मध्ये घड्याळाचा मनोरा, भोवती खाद्यपदार्थांच्या गाड्या, आणि दिवसभर देवळे पाहून थकलेली माणसे. काही वर्षांपूर्वी मीही सपत्नीक तेथे असाच उभा होतो. आमचे आपसातील कोंकणी बोलणे ऐकून स्वच्छ धोतर नेसलेला, कपाळी गंध लावलेला एक गृहस्थ जवळ आला. "तुमी आमचेच न्हय?" असे त्याने विचारले, आणि परमुलखात आपली भाषा कानी पडल्याबरोबर माझे मन विरघळले. गाव कोणते, कुलदेव कोणता, महाजन कोण, हे सारे त्याने विचारले. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला व ते आपल्याच ज्ञातीचे, हेही त्याने सांगितले. ते खरेच आहे. दुसऱ्या दिवशीच्या अभिषेक-नैवेद्यासाठी त्याने पैसे मागितले, मी दिले. पत्नीने हळूच "पावती?" असे म्हटले, तेव्हा मला त्या माणसाची नव्हे, तिचीच लाज वाटली. सकाळी देवळात त्याने सांगितलेल्या नावाचा कोणीही नव्हता.

रक्कम मोठी नव्हती. परंतु परतीच्या प्रवासात मला राहून राहून एकच गोष्ट टोचत होती. मी फसलो ती एखाद्या असत्याने नव्हे; त्याने सांगितलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्याच होत्या. आणि मग आठवण झाली ती वेताळपंचविशीची. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० च्या सुमारास ती मराठीत आणली. पुढे 'चांदोबा'च्या पानांतून ती आपल्या मुलांपर्यंत पोहोचली. खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रम सर्वांना ठाऊक आहे. परंतु तो राजा स्मशानात गेलाच कशासाठी, हे विचारले तर पुष्कळांना आठवत नाही, आणि कथेचा सगळा काळोख तर तेथेच दाटलेला आहे.

अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त सांगितल्याप्रमाणे हा राजा उज्जयिनीचा नव्हेच. तो गोदातीरीच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, त्रिविक्रमसेन. उज्जयिनीच्या विक्रमादित्याशी त्याला लोकपरंपरेने एकरूप केले. त्याच्या सभेत क्षान्तिशील नावाचा एक भिक्षू रोज येई आणि एक फळ देऊन जाई. नावच पाहा: क्षमा हा ज्याचा स्वभाव, तो क्षान्तिशील. राजा ते फळ कोषाध्यक्षाच्या हाती देई, आणि कोषाध्यक्ष ते खिडकीतून कोठारात टाकी. अशी दहा वर्षे गेली. एके दिवशी एक पाळीव माकड सुटून सभेत आले, राजाने फळ त्याला दिले, त्याने ते चावले आणि आतून एक अमूल्य रत्न बाहेर पडले. कोठार उघडून पाहिले तो फळे कुजून गेलेली आणि रत्नांची रास तेवढी उरलेली.

दहा वर्षे! या आकड्यापाशी मी थबकतो. एवढ्या काळात राजाने एकदाही फळ फोडले नाही, आणि "तू कोण, रोज का येतोस?" असेही विचारले नाही. ज्याला आपण राजाचा विश्वास म्हणू, तो खरोखर विश्वास होता काय? मला वाटते, तो केवळ आळस होता आणि विश्वासाचे वस्त्र पांघरून बसला होता. भगवी छाटी दिसली की आतला माणूस जाणून घेण्याचे श्रम वाचतात. गंध, जानवे, ओळखीचे आडनाव, घरची बोली ही सारी आपल्याला याच श्रमांतून सोडवितात. भिक्षूने राजाला फसविण्याच्या पुष्कळ आधी राजाने स्वतःस ही सूट देऊन ठेवली होती.

आपल्या कथावाङ्मयात असे ढोंगी साधू इतके आहेत की मॉरिस ब्लूमफील्ड या अमेरिकन संस्कृतज्ञाने १९२४ साली त्यांच्यावर एक स्वतंत्र लेखच लिहिला. रामायणातील रावणही भिक्षूच्याच वेषात आला होता. यावरून आपल्या पूर्वजांना संन्याशांविषयी अनादर होता असे कोणी अनुमान काढील तर ते चुकेल. खोटे नाणे पाडावयाचे तर ते चलनी नाण्याचेच पाडतात.

असो. राजाने कारण विचारले, तेव्हा भिक्षूने मंत्रसिद्धीसाठी वीराचे साहाय्य मागितले. कृष्ण चतुर्दशीच्या रात्री राजा स्मशानात गेला. दूरच्या शिसवीवर लटकणारे प्रेत आणावयाचे होते, आणि त्या प्रेतात वेताळ होता. यापुढचे सर्वांस माहीत आहे: कथा, प्रश्न, उत्तर, आणि मौन मोडले म्हणून वेताळाचे पुन्हा झाडावर जाणे. चोविसाव्या प्रश्नाचे उत्तर राजाला सुचले नाही. तो गप्प राहून चालत राहिला, आणि तेव्हा संतुष्ट झालेल्या वेताळाने त्याला खरे काय ते सांगितले: हा भिक्षू तुझाच बळी देणार आहे, तो तुला साष्टांग नमस्कार घालावयास सांगेल, तेव्हा म्हण, "मला येत नाही, आधी तुम्ही करून दाखवा." राजाने तसेच केले, आणि भिक्षू आडवा होताच त्याचे मस्तक उडविले.

नीतीचा खरा पेच येथे आहे, आणि कथा ऐकताना आपण तो घाईने ओलांडून जातो. ज्या साधूवर दहा वर्षे विश्वास ठेवला, त्याचा शिरच्छेद राजाने एका भुताच्या शब्दावर केला. एका चुकीच्या विश्वासाच्या जागी दुसरा, त्याहूनही भयंकर असा विश्वास त्याने ठेवला नाही कशावरून? वेताळच खोटे बोलत असता तर?

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. भिक्षू दहा वर्षे येत होता, पण राजाचे आणि त्याचे एकदाही बोलणे झाले नव्हते. वेताळाची संगत एका रात्रीची. पण त्या रात्रीत दोघांत तेवीस वेळा वाद झाला. राजाचा निवाडा त्याने ऐकला, आणि प्रत्येक वेळी आपलीच अट काटेकोरपणे पाळून तो निघून गेला. राजाला त्याने छळले, दमविले. खोटी आशा मात्र एकदाही दाखविली नाही. आणि शेवटी त्याने जे सांगितले ते पडताळून पाहता येण्याजोगे होते. राजा परतला तेव्हा हाडांच्या चूर्णाचे मंडळ आणि रक्ताने भरलेले कलश त्याच्या डोळ्यांपुढे होते. भिक्षूच्या तोंडून शब्दही तेच आले, जे वेताळाने आधी सांगून ठेवले होते. तरीही राजाने "मला येत नाही" हे असत्य उच्चारलेच, आणि सत्यव्रती राजाच्या तोंडचे ते वाक्य मला आजही खुपते. सोमदेवाने त्यावर काही भाष्य केलेले नाही, हे मी त्याचे शहाणपण समजतो.

गोमंतकात वाढलेल्या वाचकाला वेताळाचे हे रूप नवे वाटू नये. आमोणे, लोलये, पैंगीण अशा गावांतून तो ग्रामदैवत आहे. नग्न, उग्र, अंगावर सर्प आणि गळ्यात मुंडमाळा. लहानपणी त्याच्यापुढे उभे राहावयाचे म्हणजे आजीचा पदर घट्ट धरावा लागे. तरी गावाचा रखवालदार तोच. काही ठिकाणी त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. रात्री सीमेवर फिरून फिरून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. त्याचे रूप कोणालाही भुलवीत नाही, आणि बहुधा म्हणूनच आपल्या लोकांनी गावाची सीमा त्याच्या हाती दिली असावी.

उज्जयिनीहून आल्यानंतर एक गोष्ट मात्र मी केली. आमच्या देवस्थानच्या वार्षिक सभेत हिशेबाची वही पाहावयास मागितली. आजवर तशी रीत नव्हती. वही सांभाळणारे वृद्ध महाजन माझ्याकडे पाहतच राहिले. "म्हजेर विस्वास ना?" एवढेच ते म्हणाले, आणि सभेत कुजबुज सुरू झाली. मलाही क्षणभर टावर चौकातील ती लाज पुन्हा वाटली. परंतु मी हात मागे घेतला नाही. त्यांनी वही माझ्यापुढे सरकविली. आम्ही दोघे तिन्हीसांजेपर्यंत बसलो. पै-पैचा मेळ लागत होता, प्रत्येक पावती ओळीने चिकटविलेली होती, अक्षर मोत्यासारखे होते. वही बांधताना त्यांच्या चेहऱ्यावरचा राग मावळला होता. "अकरा वर्षे मी ही लिहितो आहे," ते म्हणाले, "आजवर कोणी उघडून पाहिली नव्हती."