चूक कोणाची, नुकसान किती

ली डोंग-वूक हा नट कोरियन मालिका बघणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो ‘गॉब्लिन’मधला यमदूत म्हणून. डोक्यावर काळी हॅट, हातात मरणाऱ्यांच्या नावांची कार्डं. २०२५ मध्ये ‘द डिव्होर्स इन्शुरन्स’ या मालिकेत तोच नट एका विमा कंपनीत विमागणिती होऊन आला, तेव्हा बदली फार लांबच्या खात्यात झालेली नाही असंच वाटलं. विमागणिती, म्हणजे अ‍ॅक्च्युअरी, हाही माणसं कधी जाणार याचंच कोष्टक मांडून बसलेला असतो. फरक इतकाच की त्याच्या कोष्टकात नावं नसतात.

या मालिकेत मात्र तो मरणाचं नाही, संसार मोडण्याचं कोष्टक मांडतो. पात्राचं नाव नोह गी-जुन. स्वतःचे तीन घटस्फोट झालेले. त्या अनुभवातून त्याला सुचतं ते असं : माणूस आजाराचा विमा काढतो, आगीचा काढतो, परदेशात बॅग हरवली तर तिचाही काढतो, मग घटस्फोटाचा का नाही? त्याच्या जोडीला अंडररायटर कांग हान-दुल आहे, नुकतीच लग्नातून बाहेर पडलेली. धोक्यांची पाहणी करणारा आन जॉन-मान आहे, इतका सावध की सावधपणाच त्याचा आजार झालेला. एक लहानसा गट, वर बसलेले कपाळाला आठ्या घातलेले साहेब, आणि मध्ये हे जगावेगळं प्रॉडक्ट. टीव्हीएन वाहिनीवर ३१ मार्च ते ६ मे २०२५ या काळात मालिकेचे १२ भाग झाले. आपल्याकडे प्राइम व्हिडिओवर ती दिसली. दिग्दर्शक ली वॉन-सोक यांचा विनोद थोडा चक्रम आहे. काही ठिकाणी तो फुकट जातो, आणि प्रेमाचा धागा नेहमीच्याच वळणाने जातो. पण मुळातली कल्पना अशी आहे की मालिका बंद केल्यावरही ती डोक्यात हिशेब करत राहते.

पहिला प्रश्न साधा : असा विमा निघू शकतो का?

विमा कशावर निघतो याचे नियम जुने आणि कडक आहेत. घटना अचानक घडणारी हवी, विमा काढणाऱ्याच्या हातातली नको. एकावर आली म्हणून दुसऱ्यावर येईल अशी नको. नुकसान पैशात मोजता यायला हवं. आणि मागचे आकडे भरपूर हवेत, म्हणजे पुढचा अंदाज बांधता येतो. एडमंड हॅली, धूमकेतूवाला, याने १६९३ मध्ये ब्रेस्लाउ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचं कोष्टक मांडलं. आयुर्विम्याचा पाया अशाच कोष्टकांवर उभा राहिला. मरण याबाबतीत मोठं सोयीचं आहे. हप्ता चुकवायचा म्हणून कोणी मरत नाही आणि क्लेमचे पैसे हातात घ्यायला स्वतः उरतही नाही.

लग्न यातल्या जवळजवळ प्रत्येक नियमावर नापास होतं. घटस्फोट अचानक पडणारी वीज नव्हे. तो दोघांच्या, निदान एकाच्या, मनात बराच काळ मुरलेला असतो. ज्याला तो दिसायला लागलाय तोच पॉलिसी घ्यायला आधी येणार, आणि ज्यांचा संसार सुखात चाललाय ते एजंटला चहा पाजून परत पाठवणार. विमेकरी या दुखण्याला चांगलेच ओळखून असतात. शिवाय दोघांनी ठरवून कागदावर वेगळं व्हायचं, क्लेम घ्यायचा आणि त्याच घरात राहायचं, ही शक्यता उरतेच.

हे कोरियन लेखकाच्या डोक्यातलं नुसतं खूळ मात्र नव्हे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात एका कंपनीने ‘वेडलॉक’ या नावाने अशी पॉलिसी खरोखर विकायला काढली होती. एका युनिटचा हप्ता महिन्याला सुमारे १६ डॉलर, घटस्फोट झाला तर मिळणार १२५० डॉलर. पण पहिले ४८ महिने काही मिळणार नाही, ही अट. हिशेब करून पाहा : चार वर्षांत आपले ७६८ डॉलर भरून होतात. ही चार वर्षांची अट म्हणजे कंपनीची भीतीच आहे, पॉलिसीच्या कागदावर छापलेली. निघायच्या तयारीत असलेला माणूस चार वर्षं थांबणार नाही, हे कंपनीने ओळखलं होतं. कोरियात २००८ पासून संमतीने वेगळं होणाऱ्यांना कायदा विचार करायला वेळ देतो : लहान मुलं असतील तर तीन महिने, नसतील तर एक. कंपनी कायद्यापेक्षा कितीतरी जास्त सावध निघाली. तरीही त्या पॉलिसीने बाजारात मूळ धरलं नाही.

आकड्यांचीही एक गंमत आहे. कोरियात २०२४ मध्ये सुमारे २ लाख २२ हजार लग्नं झाली आणि सुमारे ९१ हजार घटस्फोट. लगेच कोणीतरी भागाकार करतं आणि सांगतं, पाचातली दोन लग्नं मोडतात. गी-जुनच्या पेशाच्या माणसाने हे ऐकलं तर तो डोक्याला हात लावेल. यंदा मोडलेले संसार यंदाचे नाहीत; ते पाच, पंधरा, पस्तीस वर्षांपूर्वी मांडलेले आहेत. तीस वर्षांहून जास्त एकत्र काढून वेगळं होणाऱ्या जोडप्यांचा वाटाच आता एकूण घटस्फोटांत साधारण सहांत एक आहे. भागायचंच तर टिकून असलेल्या सगळ्या संसारांच्या संख्येने भागायला हवं, आणि मग चित्र बरंच सौम्य होतं. १९९७ मध्येही तिथे सुमारे ९१ हजारच घटस्फोट झाले होते. मात्र १९९६ मध्ये लग्नं झाली होती सुमारे ४ लाख ३५ हजार. म्हणजे मधल्या काळात निम्म्यावर आलं ते लग्न करणं.

त्या १९९७चं आणखी एक आहे. त्या वर्षाच्या अखेरीस कोरियाची अर्थव्यवस्था कोसळली, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला, नोकऱ्या गेल्या. त्यानंतर घटस्फोट वाढत गेले आणि २००३ मध्ये सुमारे १ लाख ६६ हजारांवर पोचले. सगळा दोष त्या एका मंदीवर टाकता येणार नाही. बायकांचं शिक्षण, कमाई, समाजाची नजर, सगळंच बदलत होतं. पण विमा कंपनीला घाम फुटायला एवढं पुरेसं आहे. एक घर जळलं तर बाकीच्या हजार घरांचे हप्ते कामी येतात. सगळं गाव एकदम जळलं तर हप्ते भरणारं उरतंच कोण?

तेव्हा धंद्याच्या हिशेबाने नोह गी-जुन हरणार, हे मान्य. मला त्याच्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. घटस्फोटाकडे तो ज्या जागेवरून पाहतो ती जागा आपल्या नेहमीच्या बसण्याची नाही.

घटस्फोटाची बातमी कानावर आली की आपलं तोंड आधी काय विचारतं? काय झालं? कोणाचं चुकलं? मुलगा पितो का? सासूचा जाच होता का? मुलीचंच कुठे काही? या चौकशीत काळजी असते, पण निम्मी न्यायाधीशाची हौस असते. दोघांपैकी एकाला दोषी ठरवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. दोषी सापडला की आपण सुटतो. त्याने किंवा तिने केलं, आपल्याकडे असं होणार नाही.

विमा कंपनी असं विचारत नाही. तिचा प्रश्न असतो, नुकसान किती? गाडी तुम्ही स्वतःच झाडावर नेऊन घातली असली तरी गाडीच्या नुकसानीचा क्लेम मिळतो. दारू पिऊन घातली असली तर नाही, हे खरं. पण नुसत्या चुकीला, अंदाज चुकण्याला, एका क्षणाच्या दुर्लक्षाला तिथे क्षमा गृहीत धरलेली असते. माणसं चुकणारच, हजारात इतकी चुकणार, म्हणून प्रत्येकाने थोडं भरायचं. विमा कंपन्यांबद्दल प्रेमाने बोलावं असं फारसं काही नाही, क्लेम अडकलेल्या कोणालाही विचारा. पण हा एक विचार त्यांच्या धंद्याच्या मुळाशी आहे आणि तो आपल्या दिवाणखान्यातल्या विचारापेक्षा दयाळू आहे. घटस्फोटाचा विमा म्हणजे तरी काय? ज्यांचा संसार टिकला त्यांनी ज्यांचा टिकला नाही त्यांच्या पहिल्या वर्षाच्या घरभाड्यासाठी वर्गणी काढायची. तीही नावं न विचारता.

कोरियाला ‘चूक कोणाची’ हा प्रश्न किती जड गेलाय ते तिथल्या कायद्यात दिसतं. व्यभिचार हा तिथे फेब्रुवारी २०१५ पर्यंत तुरुंगात घालण्याजोगा गुन्हा होता. तो कायदा घटना न्यायालयाने रद्द केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की ज्याच्या चुकीने लग्न मोडलं त्यालाच घटस्फोट मागता येईल का. तेरा न्यायमूर्ती बसले आणि सातविरुद्ध सहा मतांनी निकाल लागला : सर्वसाधारणपणे नाही. वरवर पाहता हा निकाल जुनाट वाटतो. बहुमताचं एक कारण मात्र वाचण्यासारखं आहे. घटस्फोटानंतर दुबळ्या बाजूच्या जोडीदाराच्या पोटापाण्याची पुरेशी तरतूद कायद्यात नाही. अशा वेळी दोषी नवऱ्याला मोकळं सोडलं तर निर्दोष बायको रस्त्यावर येईल, ही भीती.

म्हणजे पैशाची सोय नाही म्हणून चुकीचा शोध चालू ठेवायचा. दोष ठरवणं ही तिथे नीतीची गोष्ट जितकी आहे तितकीच पोटाची. न्यायालयाला जमलं नाही ते गी-जुनचं कोष्टक करू पाहतं : सोय आधी करा, मग कोण चुकलं हा प्रश्न आपोआप हलका होईल.

आपल्याकडे विमा आणि लग्न यांची गाठ वेगळ्याच ठिकाणी पडली. आयुर्विमा महामंडळाच्या योजनांत मुलांच्या लग्नासाठी म्हणून खास योजना होती, आणि आजही एजंट एका पॉलिसीला ‘कन्यादान’ म्हणून विकतात. आपला विमा लग्नात शिरण्यासाठी; मांडव, दागिने, जेवणावळी. बाहेर पडण्याचा खर्च कोणी धरलेला नसतो. याला एक जुना, फारसा कोणाला ठाऊक नसलेला अपवाद आहे. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. त्याच्या सहाव्या कलमाखाली नवऱ्याने बायकोसाठी पॉलिसी घेतली तर ती रक्कम विश्वस्त निधी होते. त्याच्या सावकारांना त्या रकमेला हात लावता येत नाही. इंग्रजी अमलातल्या कुणा मसुदाकाराच्या लक्षात आलं होतं की प्रेम असलं तरी तिजोरीची किल्ली वेगळी ठेवलेली बरी. दीडशे वर्षं होऊन गेली, तरी नोकरदार घरात या कलमाचं नाव काढलं की बायकोला आनंद होण्याऐवजी नवऱ्याला राग येण्याचीच शक्यता जास्त. विश्वास नाही का तुझा, म्हणून.

मालिकेवर टीका करणाऱ्यांचाही सूर असाच असू शकतो : प्रेमावर हप्ता लावता? पण लग्नाच्या दिवशी दोघंही प्रामाणिक असतात आणि तरी काहींचं मोडतं, हे वाक्य गणिती उच्चारतो तेव्हा त्यात कडवटपणा नसतो. त्याला ते नुसतं दिसतं. प्रामाणिकपणा हा धोका कमी करणारा घटक असेल, शून्य करणारा नाही. तीन वेळा मोडूनही गी-जुन जोडीदार या गोष्टीबद्दल आशा धरून आहे, आणि लेखकाने ते तसं ठेवलं याबद्दल मला त्याचं कौतुक वाटतं. घर जळेल या खात्रीने कोणी आगीचा विमा काढत नाही. घर हवं असतं म्हणून काढतो.

आणि तसं पाहिलं तर कोरियात हा विमा दुसऱ्या नावांनी केव्हाच सुरू झालाय. १९९९ पासून तिथे निदान पाच वर्षं टिकलेल्या लग्नानंतर वेगळं झालेल्या जोडीदाराला दुसऱ्याच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतनात वाटा मिळतो. ज्या बाईने आयुष्यभर घर सांभाळलं आणि पगारपत्रक कधी पाहिलं नाही तिच्यासाठी हा हप्ता त्या निवृत्तिवेतनातूनच भरलेला असतो. मालिकेचा शेवटचा भाग ६ मे २०२५ ला झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ जुलैपासून, कोरियन सरकारने नवी योजना सुरू केली : वेगळ्या झालेल्या आईने किंवा बापाने मुलाच्या संगोपनाचा खर्च थकवला, तर ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या कुटुंबाला दर मुलामागे महिना २ लाख वॉनपर्यंत रक्कम सरकार आधी देतं, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, आणि मग ते पैसे थकवणाऱ्याकडून वसूल करतं.