‘पुढे चला’ म्हणणाऱ्याचे ऐकावे का?

ज्याला आपण शब्द दिला, त्यानेच आपल्याला त्या शब्दातून मोकळे केले, तर आपण खरोखर मोकळे होतो का? प्रश्न पुस्तकी वाटेल. आमच्यापुढे तो थेम्स नदीच्या काठी आला, पायांत बूट आणि पाठीवर जेवणाचे डबे असताना.

हे लिहिणारा धर्मगुरू काही वर्षे उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या एका धर्मग्रामात बदली काम करायला जात असे. तिथे वसईकडचे पाच जण भेटले. कुणी इस्पितळात, कुणी हिशेबनीस, कुणी बसचालक. आम्ही सहाजणांनी २०१५ साली ठरवले की थेम्सकाठची वाट पुरी चालायची. केंबल गावाजवळच्या उगमापासून लंडनच्या पूर्वेला असलेल्या थेम्स बॅरिअरपर्यंत, म्हणजे पुराचे पाणी अडवणाऱ्या दरवाज्यांपर्यंत, ही वाट जवळजवळ ३०० किलोमीटरची आहे. १९९६ साली ती राष्ट्रीय पायवाट म्हणून खुली झाली. सलग चालायला पंधरवडा हवा. नोकरदार माणसाला एवढी रजा कोण देतो? म्हणून वर्षाला दोन-तीन दिवस, टप्प्याटप्प्याने. नियम दोनच. जिथे थांबलो तिथूनच पुढच्या वर्षी सुरुवात करायची. आणि प्रत्येक टप्पा सहाही जणांनी चालायचा. हिशेबनीस मित्र नकाशावर लाल शाईने रेघ ओढत जाई.

पहिल्या दिवशी उगमाच्या कुरणात एक दगड आणि एक झाड दिसले, पाणी नाहीच. उन्हाळ्यात तिथे बहुधा असेच असते; २०२२ च्या दुष्काळात तर नदीचे पहिले पाणी उगमाच्या कित्येक किलोमीटर खाली सुरू झाले होते. आमच्यापैकी एकाने बाटलीतले पाणी दगडावर ओतले आणि म्हणाला, “घ्या, झाली नदी सुरू.”

या वाटेची एक गंमत सांगण्यासारखी आहे. पूर्वी काठावरून घोडे मालाच्या होड्या ओढीत. एखाद्या काठचा जमीनमालक वाट देईना, तर घोड्यांना तरीने पलीकडे नेऊन पुढे चालवीत. होड्यांचा व्यापार संपला, तऱ्या बंद पडल्या. त्यामुळे आज काही ठिकाणी नदी समोर दिसत असूनही वाट तिला सोडून गावातून, हमरस्त्यावरून वळसा घेते. मोल्सफर्ड गावात आम्ही असेच मोटारींच्या आवाजात चाललो. नदीकाठची वाट म्हणायचे आणि नदीच नाही! पण तो वळसाही त्याच वाटेचा भाग आहे, हे कुणी नाकारले नाही.

पहिला पेच २०१६ साली आला. लेचलेड ते न्यूब्रिज हा टप्पा आमचा बसचालक मित्र चुकला. त्याला सुट्टी मिळाली नाही. नियम मोडला. तो म्हणाला, “सोडा हो, एक दिवसाचे काय?” त्या भागात नदीकाठी रेल्वेही नाही, पुन्हा जाणे म्हणजे कटकटच. पण ऑक्टोबरात हिशेबनीस मित्र त्याला घेऊन गेला आणि तोच टप्पा चिखलातून दुसऱ्यांदा चालला. त्याच्या नकाशावर ती रेघ आधीच होती. मिळवायचे असे त्याला काही उरले नव्हते.

सेमिनरीत आम्ही अॅरिस्टॉटल शिकलो. तो क्रियांचे दोन प्रकार करतो. पाहणे ही क्रिया करताकरताच पुरी असते. जो पाहतो, त्याचे पाहून झालेलेच असते. घर बांधणे तसे नाही. बांधत आहोत तोवर ते अपुरेच. चालणे त्याने दुसऱ्या गटात टाकले आहे. कुठेतरी पोचायचे असते, म्हणून. तर्क बरोबर आहे. परंतु ऑक्टोबरातल्या त्या चालण्याला काय म्हणावे, हे आम्हाला त्या तर्कात सापडले नाही.

करोनामुळे दोन वर्षे गेली. मग हिशेबनीस मित्राचे मूत्रपिंड निकामी झाले, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले. २०२३ साली लंडनमधला शेवटचा भाग उरला होता. त्याने फोनवर सांगितले, “फादर, तुम्ही पुढे चला. माझ्यासाठी थांबू नका.”

आमच्यातल्या धर्मगुरूने, म्हणजे हे लिहिणाऱ्याने, तेव्हा निकाल दिला की जायला हरकत नाही. ज्याला वचन दिले त्याने ते सोडले, की बंधन संपते. नीतिशास्त्राच्या तासाला हे उत्तर चालले असते. बसचालक मित्र मात्र म्हणाला, “फादर, मीही ‘सोडा हो’ म्हणालो होतो.”

आम्ही गप्प झालो. एम्माउसच्या वाटेवर प्रभूने आपण पुढे जात असल्याचे दाखवले, तेव्हा त्या दोघा शिष्यांनी ते मुकाट्याने मान्य केले नाही. आग्रह करून थांबवले. इतक्या वर्षांत या उताऱ्यावर आम्ही कितीदा प्रवचन दिले असेल! माणूस मोकळे करतो तेव्हा त्यामागे मनापासूनची मोकळीक असते, किंवा ‘आपले ओझे कुणावर नको’ अशी लाज असते. शब्द दोन्हींचे तेच.

म्हणून पाचजण ग्रीनिचपर्यंत चाललो आणि शेवटचा तुकडा ठेवून परतलो. आपण फार चांगले वागलो असे वाटत होते. त्याला सांगितले, तर तो रागावला. “ही दया मागितली होती कुणी? मला विचारलेत?” खरेच, विचारले नव्हते. त्याच्या शब्दामागचे मन आम्ही आपसांत ठरवून टाकले होते. शब्दश: ऐकणे जसे चुकू शकते, तसे न ऐकणेही.

या वेळी फोन करून सरळ विचारले, “तुला काय हवे?” त्याने दोन दिवस घेतले. मग म्हणाला, “डायलिसिस नसेल त्या दिवशी मी बसने बॅरिअरला येतो. तुम्ही ग्रीनिचहून चालत या. चहा मी आणतो.”

२०२४ च्या जूनमध्ये आम्ही पोचलो, तेव्हा तो काठावरच्या बाकावर थर्मास घेऊन बसला होता. बसथांब्यापासून बाकापर्यंत ४१२ पावले झाली, असे त्याने आल्याआल्या सांगितले. नकाशा मांडीवर उघडून त्याने आमची रेघ ग्रीनिचहून पुढे आणली. मग बसथांब्यापासून नदीपर्यंत आणखी एक रेघ ओढली, जेमतेम नखाएवढी, आणि पेन बसचालकाच्या हाती दिले. त्याने ती रेघ पुन्हा एकदा गिरवली.