उत्तमाचा शोध आणि शुद्धतेचा मोह

‘सर्वांत उत्तम कोणते?’ हा प्रश्न मनुष्य फार सहजपणे विचारतो. काव्याविषयी विचारतो, गायनाविषयी विचारतो आणि ताटातल्या पदार्थाविषयी तर नित्यच विचारतो. परंतु या साध्या प्रश्नाच्या पोटात दोन अवघड प्रश्न दडलेले असतात. उत्तम ठरविण्याचे माप कोणते, हा एक. आणि ते माप हाती धरण्याचा अधिकार कोणाचा, हा दुसरा. या दोहोंचा विचार करावयाचा, तर अमेरिकेतील टेक्सस राज्यात चालणाऱ्या टाकोच्या शोधाकडे पाहावे.

टाको म्हणजे मक्याच्या किंवा गव्हाच्या पातळ पोळीत मांस, कांदा, मिरचीची चटणी इत्यादी घालून, ती पोळी दुमडून हातात धरून खाण्याचा पदार्थ. या पोळीस टॉर्टिया म्हणतात. सॅन अँटोनियो, ह्यूस्टन, ऑस्टिन अशा शहरांत चांगला टाको कोणत्या खाणावळीत मिळतो, यावर मोठ्या हिरिरीने वाद चालतात. ‘टेक्सस मंथली’ या मासिकाने २०१५ साली मरणापूर्वी खावेत अशा १२० टाकोंची यादी छापली आणि २०१९ साली केवळ या एका पदार्थासाठी स्वतंत्र संपादक नेमला. या खटाटोपाला हसण्याचे कारण नाही. जो समाज आपल्या नित्याच्या घासाविषयी इतका चोखंदळ असतो, तो निदान जिभेने तरी जागा असतो.

तथापि या शोधास निघालेल्या पुष्कळांच्या हाती एक माप आधीच तयार असते. ते माप अस्सलपणाचे. कुरकुरीत तळलेली टॉर्टिया, खिमा, पिवळे चीज आणि जिऱ्याचा सढळ वापर दिसला, की ‘हे खरे मेक्सिकन नव्हे’ असा निवाडा होतो आणि चव पाहण्यापूर्वीच तो टाको पंक्तीतून उठविला जातो. १९७२ साली डायाना केनेडी या जन्माने इंग्रज असलेल्या विदुषीचा मेक्सिकोच्या पाककलेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मेक्सिकोच्या अंतर्भागातील स्वयंपाक निराळा आणि अमेरिकेत त्या नावाने विकले जाणारे खाद्य निराळे, हा भेद त्यांनी निःसंदिग्धपणे मांडला. खेडोपाडी हिंडून त्यांनी जे टिपून ठेवले, त्याचे मोल थोर आहे. परंतु भेद दाखविणे वेगळे आणि त्या भेदाची उतरंड करणे वेगळे. वाचकांनी उतरंड केली. ‘टेक्स-मेक्स’ हे मूळचे एका रेल्वेमार्गाचे टोपणनाव. पुढे ते या खाद्याला चिकटले आणि बराच काळ हिणविण्याच्या स्वरातच उच्चारले गेले.

आता इतिहास पाहावा. १८३६ पर्यंत टेक्सस हा मेक्सिकोचाच भाग होता. १८४५ मध्ये तो अमेरिकेच्या संघराज्यात सामील झाला, आणि युद्धानंतर १८४८ च्या तहाने नवी सीमा कायम झाली. अनेक कुटुंबे कोठेही गेली नाहीत. सीमाच त्यांच्या घरांवरून सरकली. त्या घरांतील चुली विझल्या नाहीत. गुरांच्या त्या मुलुखात जे मांस मिळाले, जे पीठ मिळाले, त्यावर त्या चालू राहिल्या. तेव्हा त्यांचा स्वयंपाक म्हणजे मेक्सिकोची बिघडलेली नक्कल नव्हे. तो एका प्रदेशाचा स्वतःचा स्वयंपाक होय.

शिवाय जिला शुद्ध म्हणावयाचे, ती मेक्सिकोची पाककला तरी अस्पर्श कोठे आहे? गहू, गाय आणि डुक्कर ही सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तेथे पोचली. मेक्सिको शहराचा अभिमान मानला जाणारा ‘आल पास्तोर’ टाको लेबनॉनकडील स्थलांतरितांनी आणलेल्या, उभ्या सळईवर मांस भाजण्याच्या पद्धतीतून जन्मला. उलट दिशेने पाहिले तर, मिरची त्याच भूमीतून निघून पोर्तुगीजांच्या व्यापारातून आपल्याकडे आली. म्हणून आपल्या ठेच्याला कोणी परदेशी म्हणत नाही. काळाने ज्याला घरचे केले, ते आपण शुद्ध म्हणतो. ज्याला अजून वेळ मिळालेला नाही, ते भेसळ ठरते.

मग सर्वच सारखे चांगले, असे म्हणावे काय? मुळीच नाही. ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. शुद्धतेचे माप टाकले म्हणून गुणाचे माप टाकता येत नाही. प्रत्येक पदार्थाची एक जात असते आणि तिच्या पोटातच तिची कसोटी असते. सॅन अँटोनियोत मक्याची ओली टॉर्टिया तळून पुरीसारखी फुगवितात. ती कढईतून निघताच खावी, थोड्या वेळाने तिच्यात राम राहत नाही. गव्हाची टॉर्टिया त्याच दिवशी लाटलेली आहे की पुडक्यातून काढलेली, हे पहिल्या घासाला कळते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळण्याची प्राचीन रीत ही चवीची बाब आहेच. पण तिच्यामुळे मक्यातील जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपात मका गेला, ही रीत गेली नाही. आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. म्हणजे चांगले आणि वाईट हा भेद केवळ आवडीचा खेळ नव्हे. तो करणाऱ्याच्या हातात आणि ज्ञानात वसतो.

आपल्या साहित्यशास्त्रात रसाची कल्पना समजावून सांगताना भरतमुनींनी अन्नाचाच दृष्टांत घेतला. नाना व्यंजनांनी सिद्ध केलेल्या अन्नाची गोडी सुमनस माणसाला लाभते. येथे भर ‘सुमनस’ या शब्दावर आहे. पुढे अभिनवगुप्तांनी रसास्वादातील विघ्नांची चर्चा केली. अस्सलपणाचा आग्रह हे असेच एक विघ्न मानावे लागेल. कारण तो घास तोंडात जाण्याआधीच निकाल देतो.

परंतु प्रश्न रसिकतेपाशी संपत नाही. त्यात न्यायाचाही अंश आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन अँटोनियोच्या चौकांत रात्री कंदील लावून काही स्त्रिया मिरचीचे झणझणीत कालवण विकत. १९३०-४० च्या सुमारास आरोग्याच्या नियमांचे कारण देऊन त्यांना तेथून हलविण्यात आले. तत्पूर्वीच, १८९० नंतरच्या दशकात, विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने त्या चवीची तयार पूड बाजारात आणली होती. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो येथे १९३७ साली ‘मिटला कॅफे’ सुरू झाला. त्याच्या समोर दुकान थाटलेल्या ग्लेन बेल यांनी तेथला कुरकुरीत टाको पाहून-खाऊन शिकून घेतला आणि १९६२ साली ‘टाको बेल’ काढले. दुसऱ्याकडून शिकणे म्हणजे चोरी नव्हे. सारी पाककला अशीच वाढली आहे. पण ऋणाचा उच्चार न होणे हा दोष खराच. शुद्धतेचा भक्त म्हणतो, त्या बाईचे अन्न खरे नव्हे. बाजार म्हणतो, ते अन्न कोणा एकाचे नव्हेच. दोघे मिळून तिला तिच्याच चुलीपासून दूर करतात.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला हे निराळे समजावून सांगावयास नको. इंदूरच्या, बडोद्याच्या, तंजावरच्या मराठीला ‘ही काही खरी मराठी नव्हे’ हा शेरा कधी ना कधी ऐकावा लागला आहे. भाषेला जे लागते, ते अन्नालाही लागते.

म्हणून उत्तम टाकोचा शोध जरूर चालू राहावा. याद्या व्हाव्यात, वादही व्हावेत. फक्त ‘हा खरा आहे काय?’ या प्रश्नाने ‘हा चांगला झाला आहे काय?’ या प्रश्नाची जागा घेऊ नये. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वंशावळीत शोधावे लागते. दुसऱ्याचे तव्यावर मिळते. आणि चांगले सापडले, तर ते कोणाच्या हातचे आहे, हे विचारून घेणे ही खाणाऱ्याने द्यावयाची किमतीची अर्धी बाजू आहे. पैसे ही केवळ दुसरी.