सुखाचे माप

माउली, शेजाऱ्याच्या दारात नवी गाडी उभी राहिली की कालपर्यंत पुरेशी वाटणारी आपली दुचाकी आज अपुरी का वाटते? दुचाकी तीच, रस्ता तोच. बदलले ते आपले माप.

१९७४ साली रिचर्ड ईस्टरलिन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने दाखवले, की महायुद्धानंतर अमेरिकेत लोकांचे उत्पन्न वाढत गेले, पण स्वतःला सुखी म्हणवणारे त्या प्रमाणात वाढले नाहीत. सगळ्यांचेच वाढले की तुलनेची रेघही वर सरकते. मिळवणे, मुलांना शिकवणे यात दोष नाही. दुसऱ्याकडे पाहून आपले सुख मोजणे, हा खरा रोग. आजचा काळ त्यालाच प्रगती म्हणतो.

वारीत हे माप गळून पडते. पंगतीत शेजारच्याचा पगार कोणी विचारत नाही. दोघेही एकमेकांच्या पाया पडतात, मग मोठा कोण हा प्रश्नच उरत नाही.

तरी जपावे. ‘माझी पंचविसावी वारी’, ‘आमची दिंडी रथाजवळची’ असे म्हणत तेच माप गळ्यात टाळ अडकवून वारीत शिरते. पंढरीच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे. भक्तांच्या पायांची धूळ लाभावी म्हणून नामदेवरायांनी ती जागा मागितली, असे परंपरा सांगते. मानाची जागा त्यांना मिळाली नसती का?

गावी परतल्यावर शेजाऱ्याच्या नव्या गाडीला आनंदाने हार घाला. तो हार जड वाटला नाही, तर वारी घरी पोचली म्हणायची.

रामकृष्णहरी!