निसटता विजय आणि अनेकान्त

वाशिम जिल्ह्यातील शिरपूर (जैन) येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिरावरून दिगंबर आणि श्वेतांबर पंथीयांत दीर्घकाळ वाद चालला. तरीही या दोघांच्या सामाईक अनेकान्तवादाने, म्हणजे वस्तूला अनंत बाजू असून प्रत्येक कथन एका दृष्टिकोनापुरतेच, एका 'नया'पुरतेच, खरे असते या सिद्धान्ताने, अटीतटीच्या कबड्डी सामन्यावरील प्रतिस्पर्धी समर्थकांचा तंटाही तपासता येतो. एका गुणाने निकाल लागल्यावर एक पक्ष शेवटच्या चढाईचे धाडस सांगतो, तर दुसरा फसलेली पकड. ही विधाने एकत्र नांदू शकतात, आणि इतर बाजू नाकारणारा 'दुर्नय' तेवढा त्याज्य ठरतो. मात्र चढाईपटूचा हात मध्यरेषेला लागला की नाही, हा प्रश्न दृष्टिकोनाचा नव्हे. तिथे एक पक्ष निखालस चुकलेला असतो, आणि अनेकान्ताला निव्वळ सौजन्य समजणाऱ्यांच्या हा भेद सहसा ध्यानी येत नाही.