उंची कोठून मोजावी?

मुंबईच्या किनाऱ्यावर लाटा पावले भिजवीत असता, उपग्रहांच्या आधारे चालणारे यंत्र, दुरुस्तीचा तक्ता त्यात नसल्यास, उणे ६० मीटरांच्या आसपास उंची दाखविते. कारण ते मोजते १९८४ च्या जागतिक प्रमाणातील, ध्रुवांशी चपट्या अशा कल्पित गोलकापासून, आणि समुद्र मात्र पृथ्वीच्या विषम गुरुत्वाकर्षणाला अनुसरून येथे त्याच्या खाली विसावलेला असतो. शिवाय सारे उपग्रह क्षितिजाच्या वरच. पायांखालून साक्ष देणारा एकही नाही, म्हणून उंचीतील चूक आडव्या स्थानातील चुकीहून बहुधा मोठी. मनुष्याच्या आत्मज्ञानाचे तरी निराळे काय? आपली उंची कोणत्या शून्यापासून मोजली, याची चौकशी न करताच, केवळ वरच्या साक्षींवर हवाला ठेवून, आपण निकाल देऊन मोकळे होतो. खऱ्या विनयाचा आरंभ त्या शून्याच्या शोधातच आहे.